आईच्या पंचाहत्तरीसाठी छोटे केक: पुणे-मुंबईच्या बेकऱ्या चाखून दिलेले गुण (तुमचेही द्या)

चाफेकळी
रविवार, रात्री ९.१०

आईची पंचाहत्तरी पुढच्या महिन्यात आहे. मोठा केक कापायचा नाही, हे तिने आधीच बजावलंय. "एकाच्या ताटलीत क्रीमचा डोंगर आणि दुसऱ्याच्या ताटलीत नुसता तळ, असं नको. ज्याच्या त्याच्या हातात अख्खा छोटा केक द्या." माणसं साधारण एकशेवीस होतील. त्यामुळे गेले चार शनिवार आमच्या घरी छोटे केक आणणं, चाखणं आणि वहीत गुण लिहिणं चाललंय. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते. तुमच्या गावातल्या बेकऱ्यांचे गुणही वाचायला आवडतील.

चाखणारे चौघं. आई, मी, माझा नऊ वर्षांचा भाचा, आणि शेजारचे काका. काकांना साखर चालत नाही म्हणून ते एकच घास घेतात, पण डब्याचं झाकण उघडण्याआधी आत वेलची आहे की जायफळ हे सांगतात.

पद्धत अशी. केक आणला की तासभर टेबलावर तसाच ठेवायचा, म्हणजे सगळे एकाच तापमानाला येतात. दुकानाचं नाव चिठ्ठीवर लिहून ताटलीखाली चिकटवायचं. क्रीम असेल तर ते सुरीने बाजूला काढायचं आणि आधी नुसता केक खायचा, मग क्रीमसकट. मधे कोमट पाण्याचा घोट आणि चार कोरडे कुरमुरे. अर्धा केक झाकणाच्या डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाखायचा.

दहातले तीन गुण जाळीला, दोन वासाला, दोन गोडीला, एक वरच्या थराला आणि दोन दुसऱ्या दिवशीच्या घासाला. ही वाटणी माझी. आईची कसोटी एकच होती: चहाशिवाय घशाखाली उतरतो का?

आधी क्रीमवाल्या कपकेकांबद्दल. पुण्यातल्या पाच दुकानांतून आणले. नावं देत नाही. एकेकदाच आणले होते, आणि एका दिवसाच्या घासावरून कोणाच्या धंद्याला नाव ठेवणं मला पटत नाही.

पहिला व्हॅनिलाचा. क्रीम काढल्यावर खाली जो केक निघाला त्याला वास होता तो फक्त बाटलीतल्या इसेन्सचा. ४. दुसरा रेड व्हेल्वेट. भाच्याची जीभ लाल झाली, पण कोको शोधूनही सापडला नाही. ४.५. तिसरा थेट फ्रिजमधून मिळाला, तासभर बाहेर ठेवला तरी मधला भाग दडदडीतच. ३.५. चौथ्याचा केक बरा होता, पण क्रीम खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसला आणि पाण्यानेही जाईना. ५. पाचवा चॉकलेटचा, एका लहानशा दुकानातला. कोको कडवट, जाळी बारीक आणि एकसारखी, क्रीम खऱ्या लोण्याचं. जिभेवर ठेवलं की विरघळत होतं. ७.५. पाचांत हा एकच केक आईने चहाशिवाय संपवला.

आता मावा केक. माझा भाऊ दादरला राहतो. त्याने एका शनिवारी पहाटे ग्रँट रोडला जाऊन बी. मेरवानचे मावा केक घेतले आणि बसने दुपारच्या आत पुण्यात आणले. झाकण उघडलं तेव्हा काका दाराशीच उभे होते. आत यायच्या आधीच म्हणाले, "खवा भाजलाय कोणीतरी." कागद सोडवला की कडेचा भाग तपकिरी, खमंग. आत पिवळसर, ओलसर, वेलचीचा वास पहिल्या घासाला नाही तर गिळल्यानंतर वर येणारा. वर काही नाही, क्रीम नाही, चेरी नाही. ९.

त्याच दिवशी कॅम्पातल्या ईस्ट स्ट्रीटवरून कयानीचा मावा केक आणला होता. मोठा आणून सारखे तुकडे केले, म्हणजे तुलना बरोबरीची होईल. त्याची वीण जास्त घट्ट, लोण्याचा वास पुढे आणि माव्याचा मागे. ८.५. दुसऱ्या दिवशी मात्र दोघांचे गुण सारखे झाले, कारण कयानीचा केक रात्रीत आणखी मुरला.

माझं मत आता पक्कं झालंय. छोटा केक उघडा खाऊन बघावा. जो वरच्या सजावटीशिवाय उभा राहतो, तोच एकशेवीस माणसांच्या हातात द्यावा. पण काही प्रश्न आहेत. पाहुण्यांपैकी पस्तीस-चाळीस जण अंडं खात नाहीत. आणि मुंबईहून इतके मावा केक कार्यक्रमाच्या सकाळी आणणं जमेलसं वाटत नाही. काय करावं?

गिरगावकर
रविवार, रात्री ९.५२

वहीत गुण लिहून चाखणारं घर बघून फार आनंद झाला.

मेरवान ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, बाहेर पडलात की समोरच. १९१४ सालचं दुकान. मी शाळेत असताना आजोबांबरोबर पहाटे जायचो. आजोबा ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) घ्यायचे आणि मला मावा केक. उशिरा गेलात तर ट्रे रिकामे, हे ठरलेलं. २०१४ साली दुकान बंद होणार अशी बातमी आली तेव्हा माणसं डबे घेऊन रांगेत उभी होती, त्यात मीही होतो. पुढे डागडुजी होऊन ते पुन्हा उघडलं. उघडल्यावर पहिला केक खाल्ला तेव्हा चव तीच आहे ना, याची मला फार धाकधूक होती. तीच होती.

मुंबईत चाखायचंच असेल तर धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर १९०४चं कयानी अँड कंपनी आहे. पुण्याची कयानी बेकरी १९५५ची. नावं सारखी वाटतात म्हणून लोक गल्लत करतात, पण दोन्ही दुकानं वेगळी. धोबीतलावच्या मावा केकला माझे ८.५. तिथे तो संगमरवरी टेबलावर, पानी-कम, म्हणजे कमी पाण्याच्या दाट चहाबरोबर खायचा.

पाऊसवेडी
रविवार, रात्री १०.०५

"खवा भाजलाय कोणीतरी." काकांना नमस्कार सांगा. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

लाडीगोडी
रविवार, रात्री १०.४०

चाफेकळीताई, मेहनत मोठी आहे, पण एका गोष्टीवर माझी तक्रार आहे आणि ती मनापासून मांडते. मी गेली सहा वर्षं घरून कपकेकच्या ऑर्डरी घेते.

क्रीम खरवडून नुसत्या केकला गुण देणं हा कपकेकवर अन्याय आहे. पुरणपोळीतलं पुरण काढून ठेवून कोणी पोळीला गुण देतं का? कपकेक बांधतानाच क्रीम धरून बांधलेला असतो. क्रीममध्ये साखर असते म्हणून मी केकमधली साखर कमी करते. क्रीम मऊ म्हणून खालचा केक थोडा भक्कम ठेवते, नाहीतर वजनाने बसतो. चॉकलेट केकमध्ये लोण्याऐवजी तेल घालते, कारण तेल थंडीतही पातळ राहतं आणि केक मऊ राहतो. असा केक नुसता खाल्लात तर तो अगोड लागणारच.

मावा केकचं उलट आहे. त्याला वरून काही मिळणार नाही हे धरूनच त्यात स्निग्धपणा आणि गोडी भरलेली असते. दोघांना एकच माप लावलंत तर मावा केक जिंकणार हे आधीच ठरलेलं.

घास घ्यायचा तो वरपासून खालपर्यंत, क्रीम आणि केक एकत्र. मग गुण द्या. मेणचट क्रीमबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

न्यूजर्सीची_मुक्ता
सोमवार, पहाटे ४.२०

लाडीगोडीचा मुद्दा मला पटला. मी इथे बारा वर्षं आहे आणि कपकेकचं हे माहेरच. १७९६ सालच्या एका अमेरिकी पाकपुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे, आणि १८२८मध्ये 'कप केक' हे नाव छापून आलं. तेव्हा त्यावर असले क्रीमचे मनोरे नव्हते. ते वेड अगदी अलीकडचं. न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ साली मॅग्नोलिया बेकरी उघडली, पुढे ती टीव्ही मालिकेत दिसली, आणि मग रस्त्यावर रांगा.

मी लेकीबरोबर तिथे गेले होते. आमच्या दोघींचे गुण सांगते: व्हॅनिला केकवर व्हॅनिला क्रीम, ७. क्रीम लोणी आणि पिठीसाखरेचं, त्यामुळे मिट्ट गोड, पण टाळूला चिकटत नाही. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेने. तुमच्या चौथ्या कपकेकवर जे होतं ते बहुधा वनस्पती तेलापासून केलेलं तयार व्हिप. उन्हाळ्यात फुलं ढळू नयेत म्हणून ते बनवलेलं असतं, त्यामुळे तोंडातही ढळत नाही.

एक मनातलं लिहू? इथल्या इतक्या कपकेकांत वेलचीचा वास कधीच आला नाही. तुमची मेरवानची ओळ वाचली आणि पहाटे चारला उठून बसले.

भट्टीवाला
सोमवार, सकाळी ७.३०

माझे वडील मुंबईत एका बेकरीत तीस वर्षं कारागीर होते. मी स्वतः त्या धंद्यात गेलो नाही, पण सुट्टीत भट्टीशेजारी झोपलोय. म्हणून मावा केकच्या त्या तपकिरी कडेबद्दल चार शब्द.

लाकडाच्या भट्टीत विस्तव रात्री पेटवतात, विटा तापल्या की निखारे बाजूला सारतात, आणि मग त्या साठलेल्या धगीवर माल निघतो. सगळ्यात कडक आचेला पाव. आच जरा उतरली की खारी, बिस्किटं. आणखी उतरली की केक. शेवटच्या मंद धगीत टोस्ट कडक व्हायला ठेवतात. म्हणजे केकला मिळते ती उतरती आच. सुरुवातीला वर फुगवणारी, नंतर आतपर्यंत शिजवणारी. वडील फळीवर हात धरून आकडे मोजायचे आणि सांगायचे, आता केक घाला. थर्मामीटर मी तिथे पाहिला नाही.

माव्यात दुधाची साखर आणि दुधाचीच प्रथिनं दोन्ही असतात. आच लागली की ती एकमेकांशी मिळून तपकिरी होतात, आणि काकांना दारातून आला तो वास येतो. पेढा भाजताना येतो तोच. नुसत्या लोणी-साखर-मैद्याच्या केकला तो वास इतका येणार नाही.

हे सगळं आता बदलतंय. २०२५च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. कारण हवेचं प्रदूषण, आणि ते कारण खरं आहे. वडिलांचा खोकला मी रात्ररात्र ऐकलाय. धूर जावा हे मला मनापासून वाटतं. आणि केकची ती कड राहावी हेही. गॅसच्या भट्टीतही आच टप्प्याटप्प्याने उतरवता येते. जो कारागीर तसं करेल त्याचा केक तसाच निघेल.

ताई, तुमच्या वहीत 'कड' असा एक रकाना वाढवा.

मिरजेची_सई
सोमवार, सकाळी ११.१५

सगळे कॅम्प आणि ग्रँट रोडचं बोलताहेत, म्हणून मी बरणीतल्या कपकेकसाठी लिहिते.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर काचेच्या बरणीत असतो तो. पिवळाजर्द, तेलकट कागदात, वर लाल-हिरव्या टूटीफ्रूटीचे तीन तुकडे. ती टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई, पाकात शिजवून रंगवलेली. त्यात लोणी नसतं, मार्जरीन असतं, आणि मावा तर नाहीच. तुमच्या मापाने त्याला तीनही मिळायचे नाहीत, कारण चहाशिवाय तो घशात बसतो.

पण तो चहासाठीच केलेला आहे. कॉलेजला असताना दुपारचं जेवण बऱ्याचदा तेच असायचं, एक कपकेक आणि अर्धा चहा. काठ बुडवायचा, मोजून दोन श्वास थांबायचं आणि उचलायचा. तिसरा श्वास घेतला तर तो कपातच राहतो. चहा पिऊन तो असा फुगतो की हातातला लहानसा केक पोट भरतो. गेल्या आठवड्यात तुमचा धागा यायच्या आधीच मी भावाला तीन बेकऱ्यांचे आणायला सांगितले होते, योगायोगच म्हणायचा. चहात बुडवून गुण दिले: ६, ७ आणि ७.५. साडेसातवाल्याची टूटीफ्रूटी तळाशी बसली नव्हती, सगळीकडे सारखी पसरलेली होती. मैद्यात घोळवून घातली की बसत नाही.

आईंच्या कसोटीला माझा मान आहे. फक्त, ज्याला चहा लागतो तो केक वाईट असं म्हणू नका एवढीच विनंती.

चाफेकळी
सोमवार, दुपारी ३.०५

सई, तुझा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तिला सांग, मीसुद्धा नोकरीला लागले तेव्हा हेच खात होते. माझी कसोटी पाहुण्यांच्या केकची आहे, रोजच्या केकची नाही."

लाडीगोडी, तुमचा मुद्दा मी रात्रभर घोळवला. पुरणपोळीचं उदाहरण योग्य आहे. येत्या शनिवारी पाचही दुकानांचे कपकेक पुन्हा आणते आणि या वेळी वरपासून खालपर्यंत एकत्र घास घेऊन गुण देते. आधीचे गुण खोडत नाही, शेजारी नवा रकाना करते.

भट्टीवाले दादा, 'कड' हा रकाना केला.

ओव्हनवाली
सोमवार, रात्री ८.४५

नाशिकहून. घरी बेकिंग शिकवते, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या दडदडीत केकबद्दल सांगावंसं वाटलं. फ्रिजमध्ये दोन गोष्टी होतात. लोणी गोठतं, ते बाहेर काढल्यावर पुन्हा मऊ होतं. पण मैद्यातला स्टार्चही आवळतो आणि पाणी सोडतो, आणि हे गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकं फ्रिजमध्ये, सगळ्यात जोरात होतं. तासभर बाहेर ठेवून ते पूर्ण परतत नाही. म्हणून ज्या केकवर ताजं क्रीम नाही तो फ्रिजमध्ये ठेवूच नये. मावा केक मात्र उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर ठेवू नका, शेवटी दूध आहे.

जाळीबद्दल. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही, आधीचे असतात तेच फुगवते. ते आधीचे बुडबुडे लोणी आणि साखर फेसताना येतात. दुकानात वेळ वाचवायला फेसणं कमी केलं की मोजकेच बुडबुडे राहतात आणि तेच मोठे होतात. मग जाळी अशी दिसते की वर मोठी भोकं आणि तळाशी गिच्च. तुम्ही दिलेल्या गुणांत जाळीला तीन ठेवलेत ते अगदी बरोबर.

आता बिनअंड्याचे मावा कपकेक. चाळीस जणांसाठी हे घरीच करा, जमतं. चौदा नगांचं प्रमाण देते, त्याची तीन घाणी करा.

मऊ मावा १०० ग्रॅम, किसून, फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेला. बिनमिठाचं लोणी ७५ ग्रॅम. पिठीसाखर ११० ग्रॅम. मैदा १५० ग्रॅम, त्यात एक चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खायचा सोडा, तीनदा चाळून. घट्ट गोड दही ६० ग्रॅम. दूध १५० मिलीलिटर, कोमट. वेलची अर्धा चमचा, ताजी कुटलेली, आणि सालं फेकू नका, दुधात उकळून घ्या.

लोणी आणि साखर पांढरं होईपर्यंत फेसायचं, हातयंत्राने पाच-सहा मिनिटं. मग मावा घालून गुठळी मोडेपर्यंत. मग दही. मग मैदा आणि दूध आलटून पालटून, आणि मैदा पडल्यावर फेसणं बंद, फक्त उलथन्याने सारखं करायचं. कागदी कप दोन तृतीयांश भरायचे. १७० अंश, वीस ते बावीस मिनिटं. ओव्हन आधी दहा मिनिटं तापवलेला हवा. सोडा पाव चमच्यापेक्षा कणभरही वाढवू नका. बिनअंड्याच्या केकला बाजारात जो साबणासारखा कडवटपणा येतो तो जास्तीच्या सोड्याचा.

अंडं नसल्यामुळे वरचा घुमट बसका राहील, त्याची काळजी करू नका. मावा बाजारातून आणताना चोळून बघा. तळव्याला तूप सुटलं आणि वास दुधाचा आला तर घ्या. शंका असेल तर घरी आटवा. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅम होतो.

मांडवी
मंगळवार, सकाळी ९.००

पणजीहून नमस्कार. आमच्याकडे या जागेवर बातिका हा केक आहे. रवा, ओलं खोबरं, अंडी, लोणी. मिश्रण रात्रभर ठेवतात म्हणजे रवा फुगतो, आणि सकाळी भाजतात. नगरपालिकेच्या बागेसमोर मिस्टर बेकर १९२२पासून आहे, आणि फोंतेन्यसमध्ये १९३०पासूनची कन्फेइतारिया ३१ दि जानेरो ही बेकरी. लहानपणी नाताळच्या आधी या दोन गल्ल्यांमधून चालताना नाकानेच वाट कळायची.

आमच्या घरी बातिकाचे गुण दुसऱ्या दिवशीच देतात, पहिल्या दिवशी कोणी देतच नाही. तुमचा दुसऱ्या दिवसाचा रकाना वाचून वाटलं, पंचाहत्तरीच्या घरी आणि आमच्या घरी एकच रीत आहे.

गिरगावकर
मंगळवार, दुपारी १.२०

बिनअंड्याच्या आणि अंड्याच्या केकांचे ट्रे वेगळे ठेवा, आणि उचलायचे चिमटेही वेगळे. आमच्या घरच्या एका मुंजीत दोन्ही एकाच परातीत आले आणि एका आजींना न कळत अंड्याचा केक खावा लागला. त्यांनी कोणाला काही बोलून दाखवलं नाही, पण नंतर त्या जेवल्याही नाहीत. मला अजून ते बोचतं. कागदी कपांचा रंगच वेगळा घेतलात तर चूक व्हायची नाही.

चाफेकळी
रविवार, रात्री ८.३०

शनिवारचे नवे गुण.

एकत्र घास घेतल्यावर व्हॅनिला ४वरून ५. रेड व्हेल्वेट ४.५वरून ६.५. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. आंबट चीजचं क्रीम आणि खालचा केक एकत्र आले तेव्हा कुठे तो पदार्थ कळला. कोको तेव्हाही फार नव्हता, पण आंबटगोड मेळ होता, आणि तो मी मागच्या वेळी सुरीने खरवडून टाकला होता. लाडीगोडी, तुमचं म्हणणं बरोबर ठरलं. तिसरा ३.५वरच. चौथा उलट उतरला, ५वरून ४, कारण आता मेणचट थर टाळता आला नाही. पाचवा, चॉकलेटचा, ७.५वरून ८.५.

म्हणजे मी जे पक्कं मत लिहिलं होतं ते थोडं बदलते. क्रीम काढून बघणं हे केक कसा आहे हे शोधायला उपयोगी आहे. गुण मात्र पूर्ण घासालाच द्यायचे. तरीही पहिल्या आणि चौथ्यात जी गोष्ट उघडी पडली ती दोन्ही पद्धतींनी पडलीच, आणि तीसुद्धा केवळ आम्ही एकदा क्रीम बाजूला केलं म्हणून नीट कळली.

कडेचा रकाना: मेरवान ९.५, कयानी ८, बाकी सगळे ५च्या खाली. कपकेकला कड जवळजवळ नसतेच, कागद सोडवला की ओलाच असतो.

घरी ओव्हनवालीताईंच्या कृतीची एक घाणी करून बघितली. पहिल्या दिवशी ७. काका म्हणाले, वेलची अजून दबलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ८.५.

ठरलं ते असं. मुंबईहून ऐंशी मावा केक आणायचा हट्ट सोडला. आदल्या दिवशी कॅम्पातून कयानीचा मावा केक आणायचा (दुपारी दुकान बंद असतं, म्हणून सकाळीच जायचं), त्याचे सारखे चौकोन कापून पांढऱ्या कागदी कपांत ठेवायचे, चाळीस. मुलांसाठी आणि क्रीम आवडणाऱ्यांसाठी त्या लहान दुकानातले चॉकलेट कपकेक चाळीस, चॉकलेटी कपांत. बिनअंड्याचे मावा कपकेक घरी, बेचाळीस, हिरव्या कपांत आणि वेगळ्या टेबलावर. ते आदल्या दिवशीच भाजायचे, कारण आमच्या वहीप्रमाणे ते दुसऱ्या दिवशीच चांगले लागतात.

लाडीगोडी
रविवार, रात्री ९.०२

वाचून डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मोकळेपणाने कोणी गुण बदलत नाही. चॉकलेटवाल्या त्या दुकानाला कार्यक्रमानंतर तुमची वही दाखवा, त्यांना सहा महिने पुरेल एवढा आनंद होईल.

भट्टीवाला
रविवार, रात्री ९.४०

कडेला ९.५. हा आकडा वडिलांच्या फोटोखाली लिहून ठेवणार आहे.

चाफेकळी
तीन आठवड्यांनी, सोमवार, सकाळी ८.१५

काल कार्यक्रम झाला. एकशेबावीस केकांपैकी अकरा उरले. हिरव्या कपांतले सगळ्यात आधी संपले, कारण अंडं खाणाऱ्यांनीही ते पळवले. म्हणून न खाणाऱ्यांसाठी मी सहा बाजूला काढून झाकून ठेवले होते, तेवढे नेमके पुरले. ज्यांना अशी ऑर्डर द्यायची आहे त्यांनी बिनअंड्याचे दहा तरी जास्त धरा.

चॉकलेटच्या दुकानातल्या ताईंना वही दाखवली. त्यांनी ८.५च्या पानाचा फोटो काढून घेतला आणि दीड गुण कुठे गेला ते विचारलं. गोडी जरा जास्त, असं सांगितलं. पुढच्या वेळी साखर कमी करून दोन केक चाखायला पाठवते म्हणाल्या.

आज सकाळी आई माझ्या आधी उठली. मी स्वयंपाकघरात आले तेव्हा ती उरलेल्या कयानीच्या चौकोनावर दुसऱ्या दिवसाचे गुण देत होती. वहीत तिच्या अक्षरात: "जाळी ३, वास २, गोडी २, वरचा थर १, दुसरा दिवस २." शेजारी चहाचा कप होता, भरलेला, वर साय धरलेली. त्याला तिने हात लावला नव्हता.